प्रोलीन गप्प बसतं

पालमच्या बसस्थानकासमोर, रसवंतीच्या पत्र्यावर, एका सकाळी रामकिशन देवकते डॉक्टर झाला. त्याला स्वतःला ही बातमी दुपारी कळली.

पूर्णेच्या एका कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवायचा, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असेल तेव्हा प्राध्यापक आणि नसेल तेव्हा कुणीच नाही. त्या दुपारी तो कुणीच नव्हता आणि प्रयोगशाळेत एका काचेच्या नळीकडं बघत बसला होता. तेवढ्यात मोबाइलवर फोटो आला. फ्लेक्सचा होता. 'आमचे मोठे बंधू डॉ. रामकिशन मुंजाजी देवकते यांनी रसायनशास्त्रात पीएच.डी. ही सर्वोच्च पदवी मिळविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : भुजंग देवकते व समस्त देवकते वस्ती.' मागं एक चंबू, त्यात हिरवंगार पाणी, आणि चंबूच्या गळ्यात का कोण जाणे स्टेथोस्कोप. असल्या हिरव्या पाण्याशी रामकिशनचा आयुष्यात संबंध आला नव्हता, आणि फोटोतला काळा कोटही त्यानं कधी घातला नव्हता. चेहरा तेवढा त्याचा होता, तोही लग्नातला.

संध्याकाळी त्यानं तो फोटो बायकोला, विजयमालाला, दाखवला. ती अंगणवाडीतून नुकतीच आली होती. तिनं मोबाइल लांब धरून बघितला, मग जवळ धरून बघितला.

"आवं, ही मान कुणाची हाय?"

"भुजंगनं लावली असेल कुठूनतरी."

"चांगली हाय. ठेवून घ्या." मग जरा थांबून ती म्हणाली, "पण तुमी झालात कवा?"

"झालो नाही."

"मला वाटलंच. झाला असता तर घरात आदी मला शिकवलं असतं."

भुजंग हा रामकिशनचा चुलतभाऊ. पालममध्ये त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान, त्यामुळं देवकत्यांच्या वस्तीवर कुणी बारावी पास झालं किंवा कुणाच्या मेंढ्याला बक्षीस मिळालं, की ते पत्र्यावर चढायचं. गेली कित्येक वर्षं तो प्रत्येक दिवाळीला आणि प्रत्येक लग्नात रामकिशनला एकच विचारायचा, "दादा, झालास का डॉक्टर?" आणि रामकिशन प्रत्येक वेळी "न्हाई" म्हणायचा. गेल्या आठवड्यात भुजंगनं फोनवर पुन्हा तेच विचारलं, तेव्हा रामकिशनला तो शब्द उचलायचा कंटाळा आला. तो गप्प बसला.

वस्तीवर अशी रीत आहे, की चांगली गोष्ट आपल्या तोंडानं सांगायची नाही. मेंढीला जुळं झालं का, पोरीचं जमलं का, असं कुणी विचारलं की माणूस मान खाली घालून गप्प बसतो, आणि विचारणारा काय ते समजून घेतो. भुजंगनं समजून घेतलं. फोनवर मान दिसत नाही, पण त्यानं ती खाली गेलेली ऐकली.

आता खरं सांगायला एक फोन पुरला असता. रामकिशननं तो लावलाही.

"भुजंग, हे काय केलंस तू?"

"काय म्हंजे? लहान झाला का? मोठा लावायलो होतो, पण रसवंतीवाला म्हणला पत्रा वाकतो."

"तसं नाही रे..."

"दादा, तू लाजू नको. तात्यारावबापू म्हणलेत, लोकर कातरायच्या दिवशी सत्कार करायचा. सगळी वस्ती जमतेच. तुझ्या आबांना सांगितलंय."

"आबा काय म्हणाले?"

"काय म्हणतेत? गप्प बसले."

यावर रामकिशनही गप्प बसला. खोटं बोलायला जितकं धाडस लागतं, तितकंही त्याच्यात नव्हतं, म्हणून तो नुसता न बोलून काम भागवायचा. शिवाय मनात त्यानं हिशेब मांडला होता. फ्लेक्स खोटा नाही, थोडा लवकर लागला आहे, एवढंच. नळीतलं काम झालं आहे. शेवटचं पाऊल उरलं आहे. सत्कारापर्यंत तेही पडेल आणि फ्लेक्स आपोआप खरा ठरेल.

नळीत काय होतं, ते सांगायला हवं. नळीच्या तळाशी काचेची बारीक चाळणी, आणि चाळणीवर पॉलिमरचे मणी, रव्याहून थोडे जाड. द्रावक ओतलं की ते साबुदाण्यासारखे फुगतात. फुगले की त्यांच्या आत जागा होते आणि त्या जागेत एक अमिनो आम्ल नेऊन बांधता येतं. मग त्याला दुसरं जोडायचं, दुसऱ्याला तिसरं, अशी कडीला कडी लावत साखळी करायची. प्रत्येक वेळी जे जास्तीचं, वाया गेलेलं, ते धुऊन चाळणीतून खाली सोडायचं. मणी वरच राहतात, आणि साखळी मण्याला धरून राहते. सगळ्या कड्या लागल्या की शेवटी तीव्र आम्लात मण्यापासून साखळी तोडायची. रामकिशनची साखळी सहा कड्यांची होती. ती सूक्ष्मजंतूंवर चालते का, हे विद्यापीठात बघणार होते. पण आधी ती असायला हवी होती.

हे सगळं त्यानं एकदा वडिलांना, मुंजाजीआबांना, समजावून सांगितलं होतं. आबा तेव्हा वाघर उभी करत होते. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. "आबा, ही वाघर म्हणजे चाळणी. मेंढरं आत राहतात, पाणी, माती, लेंड्या बाहेर जातात. माझे मणी म्हणजे मेंढरं." आबांनी खुंटी ठोकली, हात झटकले आणि आपल्या मेंढरांकडं असं बघितलं, की जणू त्यांना कुणीतरी उगाच नावं ठेवली आहेत. बोलले काही नाहीत. आपल्याला समजावता आलं, असं रामकिशनला वाटलं. त्याला असं नेहमी वाटायचं.

पहिल्या खेपेला त्यानं नळीऐवजी चंबू घेतला होता आणि मणी चुंबकी ढवळणीवर ठेवून तास घ्यायला गेला होता. परत आला तर ढवळणीनं मणी भरडून पीठ केलं होतं. ते पीठ चाळणीत अडकलं, चाळणी तुंबली आणि वर्ष गेलं. मण्यांना ढवळायचं नसतं, नुसतं डोलवायचं असतं, हे त्याला पुस्तकात वाचून माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं माहीत असूनही उलटं करायचं, हे त्याच्या संशोधनाचं ठळक वैशिष्ट्य म्हणता येईल. मग त्यानं घरचा जुना टेबलफॅन आणला, पाती काढून टाकली आणि त्याच्या डोक्याला नळी बांधली. पंखा डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं डोकं फिरवायचा. दिवसभर समोर बसून तो नाही नाही म्हणत राहायचा, आणि रामकिशन डबा खायचा.

प्रत्येक कडी नीट लागली का, हे बघायची एक चाचणी असते. चिमूटभर मणी काढायचे, तीन बाटल्यांतले थेंब टाकायचे, गरम पाण्यात धरायचे. मणी निळे झाले तर काही टोकं मोकळी आहेत, कडी पुरी लागलेली नाही. पिवळे राहिले तर झालं. त्यातलं निनहायड्रिन बोटाला लागलं की जांभळा डाग पडतो. पालमच्या गाडीतला कंडक्टर एकदा म्हणाला होता, "सर, तुमच्याकडं लय निवडणुका व्हतेत."

निळा दिसला की रामकिशनचं तोंड उतरायचं, आणि पिवळा दिसला की त्याच्या धनगरी मनात भंडारा उधळायचा. लहानपणापासून पिवळं म्हणजे देवाचं, पिवळं म्हणजे झालं, पावलं. देवळातून येताना कपाळाला जे लागतं तेच नळीत दिसल्यावर माणूस दुसरी खात्री कशाला करील? तो करत नसे. साखळीत तिसरी कडी प्रोलीनची होती आणि तिच्यावर चौथी, व्हॅलीनची, लावायची होती. व्हॅलीन लावलं, चाचणी केली, पिवळं. पहिल्याच खेपेला. रामकिशन त्या दिवशी कँटीनमध्ये जाऊन भजी खाऊन आला.

सहाही कड्या लागल्या, तरी तो साखळी तोडायला धजत नव्हता. मण्यावर आहे तोवर ती कशी आहे ते कुणालाच दिसत नाही, म्हणजे ती चांगलीच आहे. तोडली की कळणार. आपणही असेच आहोत, असं त्याला एकदा नळीकडं बघताना वाटलं. आबांच्या नावाला, मार्गदर्शक मॅडमच्या नावाला, तासिकेच्या कागदाला धरून बसलेले. कुणी आम्लात घातलं तर काय सुटून येईल? मग त्याला वाटलं, असले विचार करण्यापेक्षा बाटल्या धुवाव्यात. त्यानं बाटल्या धुतल्या.

इकडं फ्लेक्स आपलं काम करत होता. वस्तीशेजारच्या तांड्यावरून एकाचा फोन आला.

"डॉक्टरसाब हायत का? मेंढी फुगलीय."

फुगणं चांगलं असतं, असं रामकिशनच्या ओठावर आलं होतं. त्यानं आवरलं. "मी त्यातला डॉक्टर नाही हो. गुरांच्या दवाखान्यात न्या, लवकर न्या."

"मंग तुमी कशातले?"

"मण्यांचा विषय आहे माझा."

"माळा इकता व्हय?" असं म्हणून त्या माणसानं फोन ठेवला. मेंढी वाचली, हे पुढं कळलं. तिच्या वाचण्यात रामकिशनचा वाटा एवढाच होता, की त्यानं हात लावला नाही.

त्याच्या मार्गदर्शक धम्मशीला मॅडम नांदेडला विद्यापीठात होत्या. त्यांचा फोन आला, की ही मुदतवाढ शेवटची, नमुना आठवड्यात पाठवा, नाहीतर नोंदणी रद्द होईल. आता तोडण्यावाचून इलाज नव्हता.

तोडलेली साखळी गार इथरमध्ये टाकली की पांढरी होऊन खाली बसते. पण परभणी जिल्ह्यात मार्च लागल्यावर इथर गार ठेवणं म्हणजे विस्तवावर लोणी सांभाळणं. बाटलीचं बूच काढलं की ते उकळल्यासारखं उडून जातं. म्हणून रामकिशन भल्या सकाळी कॉलेजजवळच्या रसवंतीवाल्याकडून गोणपाटात बांधून बर्फ घेऊन आला. गोणपाटाला उसाचा वास होता. आम्लातून गाळलेलं पाणी त्यानं थेंबथेंब इथरमध्ये सोडलं. आधी काही नाही. मग धुकं आलं, आणि धुक्यातून पांढरा चुरा सावकाश तळाला बसू लागला. रामकिशन उकिडवा बसून बघत राहिला. इतकी वर्षं ज्याच्या मागं होता, ते नखावर मावेल एवढं होतं. चांगलं दिसत होतं. पांढरं कधी वाईट दिसत नाही.

नमुना त्यानं स्वतः नांदेडला पोचवला. वस्तुमान मोजण्याचं यंत्र तिथं होतं. साखळी बरोबर असेल तर यंत्र ठरलेला आकडा दाखवणार, नसेल तर दुसरा. सत्काराच्या आदल्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"देवकते, साखळी तुटकी आहे."

"तुटकी म्हणजे?"

"बहुतेक सगळा माल एका कडीनं कमी आहे. व्हॅलीन नाही. तुमची साखळी पाच कड्यांची झालीय." मग कागद चाळल्याचा आवाज आला. "प्रोलीनवर व्हॅलीन लावल्यावर कोणती चाचणी केलीत?"

रामकिशन काही बोलला नाही.

"निनहायड्रिनची?"

तो बोलला नाही.

"देवकते, प्रोलीन त्या चाचणीत निळं होतच नाही. त्याचं टोक मोकळं असलं तरी मणी पिवळेच दिसतात. ते गप्प बसतं. तुम्ही मुलांना शिकवता की हे."

शिकवत होता. दर वर्षी फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा मारून. परीक्षेत दोन मार्कांना विचारायचा आणि जो चुकेल त्याला म्हणायचा, लक्ष कुठं असतं तुझं. प्रोलीनला तो नळीत भेटला तेव्हा मात्र त्याला ते ओळखीचं वाटलं नाही. तसा तो त्याचा सख्खा भाऊ शोभला असता. टोक मोकळं, काहीही धड जोडलेलं नाही, आणि विचारलं की गप्प. विचारणाऱ्यानं पिवळं समजून घ्यावं.

"आणि आत्ताही गप्प बसू नका," मॅडम म्हणाल्या. "मण्यांचं रेझिन उरलंय का?"

"बाटलीच्या तळाला आहे."

"एकदाच्याला पुरेल?"

"एकदाच्याला."

"मग करा. मुदतीत येईल एवढं काम आहे. या वेळी क्लोरॅनिलनं बघा. त्याच्यापुढं प्रोलीन बोलतं."

घरी विजयमाला कपाटातून साडी काढून बसली होती, उद्याच्या सत्काराला. रामकिशननं तिला सांगितलं. ती साडीचा काठ चाचपत राहिली.

"मंग उद्या जायचं का न्हाई?"

"जाऊ नये असं वाटतं. आजारी आहे म्हणून कळवतो."

"तसं केलात तर तुमी आजारी डॉक्टर व्हाल. फ्लेक्स तसाच ऱ्हाईल." तिनं साडी घडी करून पिशवीत घातली. "तुमी सांगणार, का मी सांगू?"

दुसऱ्या दिवशी ताडकळसवरून गाडी गेली. पालमच्या स्थानकावर उतरताना रामकिशननं मान वर केली नाही. वर तो होताच.

वस्तीवर बाभळीखाली कातरणी चालली होती. धुतलेली मेंढरं एका बाजूला, कातरलेली दुसऱ्या बाजूला, आणि मधे लोकरीचे ढीग. कातरलेलं मेंढरू उठलं की ते निम्मं दिसतं आणि जरा वेळ स्वतःलाच ओळखत नाही. आबा एका मेंढीचे पाय धरून बसले होते. सतरंजीवर तात्यारावबापू. ते वस्तीतले वडीलधारे, पूर्वी सरपंच होते. त्यांच्यापुढं ताटात नारळ आणि शाल. भुजंगनं स्पीकर आणला होता.

"आता आपले डॉक्टर दोन शब्द सांगतेल," भुजंग म्हणाला आणि माइक रामकिशनच्या हातात दिला.

"आधी सत्कार, मग भाषण," कुणीतरी म्हणालं.

"आधी भाषण," विजयमाला बायकांतून म्हणाली.

रामकिशननं सुरुवात केली ती मण्यांपासून. वाघर, मेंढरं, धुणं, चाळणी. लोक ऐकत होते. एक म्हातारी म्हणाली, "बेस सांगायलाय." तो सांगत गेला, सांगत गेला, आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण फार छान गप्प बसलो आहोत, फक्त माइकवरून. मग तो थांबला.

"यात माझी एक कडी निसटली," तो म्हणाला. "ती लागली का न्हाई ते मी नीट बघितलं न्हाई. म्हणून मी डॉक्टर झालेलो न्हाई. फ्लेक्स खोटा हाय. भुजंगची चूक न्हाई, त्यानं इचारलं तवा मी गप्प बसलो."

स्पीकर थोडा वेळ शिट्टी मारत राहिला. कातर चालवणारे हात थांबले. तात्यारावबापूंनी नारळाकडं बघितलं.

"ह्यो तर मी फोडून ठिवलाय," ते म्हणाले. "ह्याला काय परत जोडता येत न्हाई. परसाद म्हणून खाऊ."

"म्हंजे तू नापास झालास व्हय रे?" म्हातारीनं विचारलं.

"न्हाई. अजून बसलोच न्हाई."

हसू आलं, एका कडेनं. भुजंग हसला नाही. तो म्हणाला, "दादा, तुला एक शब्द बोलायला काय जात होतं? माझ्या धंद्याची इज्जत हाय. लोकं म्हणतेल ह्यो मेलेल्याचंबी अभिनंदन छापील."

तात्यारावबापूंनी शाल उचलली, काय करावं न सुचून उलगडायला लागले.

"घडी मोडू नका तिची," आबा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. मेंढीचे पाय सोडून ते उठले नव्हते.

"तशीच ठिवा. लागंल." आणि मग कातरणाऱ्याला म्हणाले, "चालव की रं, जनावर अवघडलंय."

परत आल्यावर रामकिशननं तळाचे मणी काढले, फुगवले आणि पहिल्यापासून लावायला घेतलं. व्हॅलीन लावल्यावर क्लोरॅनिलचे थेंब टाकले. मणी निळे झाले. गडद, बिनदिक्कत निळे. कडी लागलेली नव्हती. इतक्या वर्षांत 'न्हाई' ऐकून पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं. त्यानं पुन्हा व्हॅलीन घातलं आणि पंख्याला बांधलं. पुन्हा निळे, थोडे फिके. पुन्हा घातलं. तिसऱ्या खेपेला थेंब टाकून तो खिडकीशी उजेडात परीक्षानळी धरून उभा राहिला. निळं येईल म्हणून वाट बघितली, आणि आलं नाही. तरी त्यानं भंडारा उधळला नाही. चिमूटभर मणी आणखी काढले आणि पुन्हा बघितलं.

नमुना गेला. मॅडमचा फोन आला. त्यांनी आधी आकडा सांगितला, मग म्हणाल्या, "सहा कड्या. जुळलं. आता लिहायला बसा."

रामकिशन लिहायला बसला. मधे एकदा वस्तीवर गेला तर फ्लेक्स कोकरांच्या खोपीवर होता, उलटा टाकलेला, म्हणजे छापलेली बाजू आत. वाकून बघितलं तर छताला त्याचा चेहरा, कोटासकट, आणि एक कोकरू मागच्या पायांवर उभं राहून त्याचा कान चाटत होतं.

"बरा हाय," आबा म्हणाले. "ऊन आत येत न्हाई."

प्रबंध मुदतीत गेला. त्यानंतर एका दुपारी तो प्रयोगशाळेत चाळणी धूत असताना भुजंगचा फोन आला. बरेच दिवस तो बोलला नव्हता.

"दादा, झालास का?"

"न्हाई," रामकिशन म्हणाला. "प्रबंध दिलाय. तोंडी परीक्षा राह्यलीय. झालो की मीच सांगतो. तवर काही छापू नको."

"लय मोठ्यानं बोलायलास."

"तुला ऐकू यावं म्हणून."

भुजंग थोडा वेळ गप्प बसला. रामकिशननं त्याचा काही अर्थ लावला नाही. "काय म्हणायलास?" असं त्यानं विचारलं.

"म्हणायलो की मान तीच ठिवायची का दुसरी लावू?"